अवघड कटला साइड किती द्यावी?

नंदुरबार, शहादा, तळोदा भागात वाढलेल्या मुलाची नजर आधी कॅरमवर बसते. शिकायला सुरतला, नाशिकला किंवा पुण्याला गेल्यावर तो पूल टेबलपाशी उभा राहतो तेव्हा ती नजर त्याच्या कामी येते. सोंगटी कुठे कापली की कुठे जाईल, हे त्याला शिकवावं लागत नाही, त्यामुळे सोपे कट तो लवकर घालू लागतो. गाडी अडते अवघड कटवर. चेंडू कुशनजवळ, पांढरा लांब, कोन साठ अंशांच्या आसपास आणि पुढच्या चेंडूसाठी पांढऱ्याला टेबलच्या दुसऱ्या टोकाला न्यायचंय. अशा वेळी क्यू मध्यावर ठेवून भागत नाही, बाजूची फिरक, म्हणजे साइड द्यावीच लागते. आणि साइड दिली की चेंडू चुकतो, म्हणून टेबलाभोवतीची मंडळी सांगतात, ‘साइड देऊच नकोस.’

नवशिक्याला पहिले काही महिने हा सल्ला योग्यच आहे. पुढे मात्र तो खेळाडूला जागच्या जागी अडकवतो. साइड घाबरवते, कारण तिच्यामुळे एकाच वेळी तीन गोष्टी घडतात आणि त्या कुणी वेगवेगळ्या करून दाखवलेल्या नसतात.

पहिली गोष्ट: उजवी साइड द्यायला टिप, म्हणजे क्यूचं पुढचं टोक, पांढऱ्याच्या मध्यापासून उजवीकडे लावली, की पांढरा चेंडू क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे सुटतो. दुसरी: क्यूचं मागचं टोक उचललेलं असेल, तर तोच चेंडू कापडावरून जाताना वळून उजवीकडे परत येऊ लागतो. हळू फटक्यात हे वळण जास्त दिसतं, जोरकस फटक्यात ते येईपर्यंत चेंडू लक्ष्यावर पोचलेला असतो. तिसरी गोष्ट दोन चेंडूंच्या स्पर्शात घडते, आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते तिच्याबद्दल.

पांढऱ्याचा मध्य लक्ष्यचेंडूच्या कडेवर रोखला, म्हणजे अर्ध्या चेंडूचा फटका मारला, की हिशेबाने कट तीस अंशांचा होतो. प्रत्यक्षात दोन्ही चेंडू एकमेकांना घासतात आणि पांढरा लक्ष्यचेंडूला स्वतःच्या दिशेने थोडा ओढून नेतो. बेताच्या, घरंगळण न घेतलेल्या फटक्यात ही ओढ चारेक अंशांची असू शकते. मीटरभर अंतरावर तेवढ्याने सात सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात चेंडू पॉकेटच्या जबड्यावर आदळून परत येतो. नेम बरोबर असूनही कट ‘जाड’ झाला, अशी तक्रार साध्या फटक्यातही येते ती यामुळे. चेंडूंवर खडूचे डाग असले, ते दिवसेंदिवस पुसलेले नसले, तर ओढ आणखी वाढते.

आता चेंडू डावीकडे कापायचा असेल तर पांढऱ्याला उजवी साइड द्या, म्हणजे कटच्या बाहेरची. स्पर्शाच्या ठिकाणी पांढऱ्याचा पृष्ठभाग मागे फिरतो आणि त्याची पुढची सरक भरून काढतो. योग्य प्रमाणात दिली तर रसवंतीच्या चरकातल्या दातेरी चाकांसारखे दोन्ही चेंडू एकमेकांवर न घासता फिरतात. ओढ जवळजवळ नाहीशी होते आणि चेंडू ज्या रेषेवर मनात धरला त्या रेषेवर जातो.

हे योग्य प्रमाण मोजता येतं. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटर व्यासाचा. तीस अंशांच्या कटला स्पर्शबिंदू मध्यापासून सहा मिलिमीटरच्या आत लागतो, साठ अंशांच्या कटला दहाच्या जवळपास. टिप गोलसर असते, म्हणून क्यू त्याहून थोडा अधिक सरकवावा लागतो: पहिल्या कटला टिपच्या निम्म्या रुंदीपेक्षा जरासा जास्त, दुसऱ्याला साधारण एक टिप. चौदा मिलिमीटरच्या पलीकडे गेलात तर खडू लावूनही टिप निसटते. माझ्या मते साइडची निम्मी भीती या जास्तीच्या हव्यासातून येते. लोक हवी त्याच्या दुप्पट साइड देतात आणि दोष साइडला देतात.

आतली साइड, म्हणजे याच कटला डावी, ही सवड देत नाही. ती दिल्यावर कुशनवरून पांढरा अरुंद कोनात निघतो आणि कधी ते हवंही असतं, पण नेमाला मदत होत नाही. बाहेरच्या साइडने तो समोरच्या कुशनवरून रुंद कोनात आणि वेग राखून निघतो. अवघड कटनंतर टेबलभर फिरून पुढच्या चेंडूवर येण्याची वाट बहुतेकदा तीच असते.

एक गुंता आहे. उजव्या साइडमुळे पांढरा डावीकडे सुटतो आणि कट जाड होतो. ओढ नाहीशी झाल्यामुळे तोच कट पातळ होतो. दोन्ही एकमेकांना कधी पुरतात, कधी नाही, आणि म्हणूनच नवशिक्याचा फटका एकदा सुरेख बसतो आणि पुढच्या वेळी हातभर चुकतो. यावर उपाय एकच: त्यांना वेगळं काढून पाहायचं. आधी लक्ष्यचेंडू न ठेवता पांढरा सरळ समोरच्या छोट्या कुशनवर मारा, क्यू शक्य तितका आडवा ठेवून, एक टिप साइड देऊन. तो नेमापासून किती सुटतो ते हळू आणि जोरात, दोन्ही वेगांत पाहून ठेवा. प्रत्येक क्यूचं उत्तर वेगळं येतं. पुढचं टोक हलकं असलेल्या क्यूतून चेंडू कमी सुटतो. मग अर्ध्या चेंडूचा कट मांडा, साइडशिवाय मारून तो किती जाड जातो ते पाहा, आणि त्याच जागी, त्याच वेगात थोडी बाहेरची साइड मिळवत जा. नेम किती बदलावा लागतो ते टेबलच सांगतं.

टिपवर चामडं आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रान्सच्या फ्रांस्वा मँगो यांच्यामुळे; साइड मनासारखी देता यायला लागली ती त्यानंतर. १८३५ मध्ये गास्पार कोरिओलिस यांनी बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. महाराष्ट्राचं नातं या खेळाशी आणखी जवळचं आहे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद जिंकलं आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकलं. मुंबईच्या मायकल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग तेवढे गुण, केला. बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू असतात, एका चेंडूवरून दुसऱ्यावर जायचं आणि पांढरा स्वतःही पॉकेटमध्ये घालायचा. हजारापुढचा ब्रेक बेताच्या, मोजलेल्या साइडशिवाय होत नाही.

म्हणून टेबल मिळालं की पहिल्या दिवशी गेम लावू नका. ओल्या फडक्याने चेंडू पुसून कोरडे करा, दर फटक्याआधी टिपला खडू लावा आणि तीस अंशांचा तो एकच कट पुन्हा पुन्हा मांडा.