मुंग्यांच्या वाटेने जाणारे बिनतारी संदेश

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. रस्ते आणि लोहमार्ग यांच्याबरोबरच दूरध्वनी व मोबाइल सेवाही ठिकठिकाणी कोलमडली. मदतीची निकड होती, तेथूनच निरोप निघेना. याचे मूळ संदेशवहनाच्या नेहमीच्या रचनेत आहे. मोबाइलवरून शेजारच्या घरी बोलावयाचे असले तरी संदेश आधी मनोऱ्याकडे जातो आणि मग शेजाऱ्याकडे येतो. मनोऱ्याची वीज गेली की हातातील सुस्थितीतील यंत्रही मुके होते.

मनोऱ्याविना जाळे

मनोऱ्यावाचून चालणाऱ्या जाळ्यास तात्कालिक बिनतारी जाळे म्हणता येईल. त्यात प्रत्येक यंत्र स्वतःचा संदेश पाठविते, तसेच दुसऱ्याचा संदेश हातोहात पुढे पोहोचविते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७०च्या दशकात असे प्रयोग सुरू केले. अडचण एकच : यंत्रे माणसांबरोबर हिंडत असल्याने आता सापडलेली वाट थोड्या वेळाने तुटते. मग संदेशाने जावे कोणत्या वाटेने?

मुंग्यांचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर मुंग्यांनी दिले. मुंगी चालताना जमिनीवर गंधद्रव्य सोडते व मागून येणाऱ्या मुंग्या त्याचा माग घेतात. ब्रुसेल्स येथील शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वारूळ व अन्न यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परतल्या, तेथील गंध आधी वाढला आणि बहुतेक मुंग्या त्याच वाटेस लागल्या. मात्र आखूड वाट उशिरा खुली केली, तेव्हा मुंग्या सवयीच्या लांब वाटेनेच जात राहिल्या.

संगणकीय दूत

मार्को डोरिगो व जियानी दी कारो यांनी १९९८ मध्ये हे तत्त्व तारांनी जोडलेल्या संगणक-जाळ्यांस लावून दाखविले. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे दी कारो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तात्कालिक बिनतारी जाळ्यांसाठी विकसित केले. यात मुंगीची जागा लहानसा संगणकीय दूत घेतो. तो यंत्रायंत्रांतून जाताना वाटेतील टप्प्यांची नोंद ठेवतो. मुक्काम गाठल्यावर तो त्याच वाटेने परततो आणि प्रत्येक यंत्रातील कोष्टकात त्या मार्गाचे गुण लिहितो. कमी वेळ व कमी टप्पे, तितके गुण अधिक. पुढील संदेश या गुणांच्या प्रमाणात निरनिराळ्या वाटांनी वाटले जातात. सवयीत अडकलेल्या मुंग्यांची चूक टळावी म्हणून संदेश चालू असतानाही काही दूत नव्या वाटा धुंडाळीत राहतात. वाट तुटलीच, तर जवळचे यंत्र तेथल्या तेथे पर्यायी वाट शोधते. सर्व जाळ्याचा नकाशा कोणापाशीही नसतो. तरीही काम चालते.

मर्यादा

या पद्धतीस मर्यादाही आहेत. दूतांची ये-जा बॅटरी आणि ध्वनिलहरींचा नव्हे, तर रेडिओलहरींचा वाटा खाते. यंत्रे विरळ असतील तर दूतास पुढचा टप्पाच मिळत नाही. एखाद्या यंत्राने खोटे गुण लिहिले तर संदेश भरकटतात. शिवाय लुगानोच्या पद्धतीची पारख मुख्यत्वे संगणकावरील प्रतिरूपांतच झालेली आहे.

तरीही यातील बोध मोलाचा आहे. आपत्तीच्या वेळी सारा भार एकाच मनोऱ्यावर असणे धोक्याचे असते. प्रत्येक यंत्राने शेजाऱ्याचा निरोप पुढे नेला आणि वाट सतत तपासली, तर मध्यवर्ती केंद्र बंद पडले तरी निरोप पोहोचण्याची आशा उरते.