सोपा खेळ सुटतो तेव्हा

रुआबांधा सेक्टरमधले एखादे क्वार्टर डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत. बाबा सेकंड शिफ्ट करून आले, जेवले आणि नुकतेच आडवे झालेत. आतल्या खोलीत अकरावीतला मुलगा कानांवर हेडफोन चढवून कॉम्प्युटरसमोर बसला आहे. आई दारात उभी राहून विचारते, "अरे, मोबाईलवरच्या त्या खेळात तू एवढा पुढे गेला होतास. आता ते सगळं सोडून हा नवा खेळ पहिल्यापासून कशाला?" मुलगा मान न वळवताच म्हणतो, "आई, त्यात आता काही उरलंच नाही गं. डोळे मिटून जिंकता येतं."

आईला हे उत्तर उडवाउडवीचे वाटते. खरे तर त्या एका वाक्यातच सगळे मर्म आहे.

खेळ आहे तरी कसला?

इंटरनेटवर भूमिका घेऊन खेळायच्या या खेळात प्रत्येकाचे एक पात्र असते. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, तर कुणी जखमींवर उपचार करणारा वैद्य. मोहिमा पार पाडत पात्र एकेक लेव्हल चढते. जगभरातले खेळाडू एकाच वेळी त्या जगात वावरतात आणि 'गिल्ड' नावाचे गट बांधतात. या प्रकाराचा उगम १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी तयार केलेल्या त्या खेळात चित्र एकही नव्हते, पडद्यावर फक्त अक्षरे दिसत.

सोपे नकोसे का होते?

खेळ तयार करणारे राफ कॉस्टर यांनी २००४ मध्ये आपल्या पुस्तकात या प्रश्नाचे साधे उत्तर दिले. खेळातला आनंद हा शिकण्याचा आनंद असतो. खेळाची मेख मेंदूला उलगडली की मजा ओसरते. पहिलीचे पाढे पाठ झालेल्या मुलाला तेच पुन्हा म्हणायला लावले तर तो जांभई देतो, तसेच हे.

या खेळांचा इतिहासही हेच सांगतो. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत आलेला 'एव्हरक्वेस्ट' फार कठोर होता. पात्र मेले की कमावलेला अनुभव घटे आणि सामान प्रेतापाशीच पडून राही. ते आणायला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावे लागे. नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने ही शिक्षा सौम्य केली. लोकांची झुंबड उडाली. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोहोचले. पुढे तो खेळ आणखी सोपा होत गेला, तेव्हा जुने खेळाडूच कुरकुरू लागले. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीला जुना, कष्टाचा खेळ पुन्हा सुरू करावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये तर असे सर्व्हर उघडले गेले, की पात्र एकदा मेले की तिथला त्याचा खेळ कायमचा संपला. महिनोन् महिन्यांची मेहनत एका चुकीत जाते, हे माहीत असूनही लोक तिथे गेले.

म्हणजे पुढे गेलेला खेळ सोडून नव्याने सुरुवात करणारा मुलगा चंचलच असतो असे नाही. मात्र सगळ्यांनाच अवघड खेळ हवा असतो असेही नाही. बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. कुणाला यश हवे असते, कुणाला नवे प्रदेश धुंडाळायचे असतात, कुणाला माणसांची सोबत हवी असते, तर कुणाला दुसऱ्यांवर कुरघोडी करायची असते. सोबतीसाठी खेळणारी मुलगी केवळ मैत्रिणी गेल्या म्हणून कठीण खेळात गेली, तर ती तिथे कंटाळेल किंवा खचेल.

कठीण म्हणजे नेमके काय?

इथे आईवडिलांनी डोळे उघडे ठेवायला हवेत, कारण सगळी कठीणता सारखी नसते.

पहिली कौशल्याची. शत्रू केव्हा वार करतो हे ओळखणे, साथीदारांशी मेळ साधणे, हरल्यावर चूक शोधणे. ही कठीणता मुलाला काही शिकवते.

दुसरी वेळेची. तेच काम हजार वेळा करा, मग बक्षीस मिळेल. यात डोके लागत नाही, फक्त तास जातात. असा खेळ अवघड नसतो, लांबलेला असतो.

तिसरी पैशाची. खेळ फुकट मिळतो, पण एका टप्प्यावर वाट अडते आणि ताकदवान पात्रासाठी सोडत काढावी लागते. २०२० मध्ये आलेल्या लोकप्रिय 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये सर्वांत वरच्या दर्जाचे पात्र किंवा शस्त्र हमखास मिळायला कधी कधी ९० सोडतींपर्यंत जावे लागते. पैसे न घालताही हा खेळ खेळता येतो, पण मोह मोठा असतो. बक्षीस-पेट्यांची अशी विक्री बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये जुगारात जमा केली होती. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. या कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे मानले आहेत.

म्हणून "कोणता खेळ?" एवढेच विचारून थांबू नका. "त्यात जिंकायला काय लागतं, डोकं, वेळ की पैसा?" हेही विचारा. मुलाला उत्तर शोधावे लागले, तर निम्मे काम झाले.

मध्यरात्रीची पाळी

कठीण खेळाची खरी अडचण वेगळीच असते. सोप्या खेळातून केव्हाही उठता येते. कठीण मोहिमेला मात्र पूर्ण तुकडी लागते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमा ४० जणांच्या होत्या, आजची सर्वांत अवघड पातळी २० जणांची आहे. त्यातला वैद्य अर्ध्यातून उठला तर उरलेले हरतात. आई "ऊठ" म्हणते आणि मुलगा हलत नाही, तेव्हा दर वेळी तो उद्धटपणाच असतो असे नाही. त्याने कुणाला तरी शब्द दिलेला असतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. युरोपातल्या गिल्डची मोहीम तिथे रात्री आठला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. सकाळी शाळा असलेल्या मुलाने ही पाळी रोज कशी करावी?

यावर उपाय आहे. सिडनीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच किंवा साडेतीन होतात. ऑस्ट्रेलियन सर्व्हरवरच्या गिल्डबरोबर रविवारी दुपारी खेळता येते. युरोपातही रविवारी दुपारी जमणारा गिल्ड शोधता येतो. मुलाला "खेळ बंद कर" म्हणण्यापेक्षा "आपल्या वेळेचा गिल्ड शोध" म्हणणे त्याला पटण्याजोगे आहे.

पैशाचेही आधीच बोलून घ्या. काही खेळांना मासिक वर्गणी असते. ती ठरावीक असल्यामुळे घरखर्चात बसते की नाही, ते कळते. पण आईबाबांचे कार्ड किंवा यूपीआयचा पिन मुलाच्या हाती देऊ नका.

केव्हा सावध व्हावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे. ती सहसा वर्षभर टिकली तर विकार म्हणतात. चार रात्रींच्या जागरणाला आजार म्हणू नका, पण झोप, अभ्यास आणि मित्र तिन्ही सुटू लागले तर वर्ष सरण्याची वाटही पाहू नका. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून अशा त्रासासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. त्याआधी जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटता येईल.

घरातलाच धडा

भिलाईच्या घरांना पाळी म्हणजे काय, ते समजावून सांगावे लागत नाही. १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून भट्टी थांबत नाही, माणसे पाळीने बदलतात. आपली पाळी संपली की काम दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी यायचे, ही इथली शिस्त आहे. बाबांनी मुलाला तीच सांगावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांची ड्यूटी लिहिलेली असतेच. त्याच्याच खाली मुलाच्या मोहिमेचे आठवड्यातले दोन दिवस लिहावेत आणि परीक्षेच्या महिन्यात खेळणार नाही, हे त्याने गिल्डला आधीच कळवावे.

आणि एखाद्या रविवारी दुपारी बाबांनी शेजारी खुर्ची ओढून बसावे. "तुझं काम काय असतं रे यात?" एवढेच विचारावे. मुलगा हेडफोन काढून सांगू लागेल, "बाबा, बघा, सगळे मरायला लागले की मी वाचवतो."