क्राऊन पिनियनचा दात



गळिताच्या ऐन भरात मिल थांबली की गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटतं ते आपलं. म्हणून मिलच्या एका भागाकडे आज आपलं लक्ष वेधावंसं वाटतं. तो म्हणजे क्राऊन पिनियन.

गुऱ्हाळातला लोखंडी चरक सर्वांनी पाहिलाय. एका लाटेवरचं दातेरी चक्र दुसरीला फिरवतं. मिलमध्ये तेच काम क्राऊन पिनियन करतात. मात्र मिलचा वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाखाली तरंगता असतो. उसाचा थर जाड आला की तो वर उचलला जातो, पातळ आला की खाली बसतो. म्हणजे दोन चक्रांमधलं अंतर सारखं बदलतं, तरी गती एकसारखी राहिली पाहिजे!

हे साधतं ते दाताच्या इन्व्होल्यूट वळणामुळे. खुंट्याला गुंडाळलेलं दावं ताणून धरून सोडवत जा. त्याच्या टोकाने मातीत जी रेघ उमटेल तेच हे वळण. चक्राच्या दातासाठी ते 18 व्या शतकात ऑयलर या गणित्याने सुचवलं. अंतर थोडं वाढलं तरी गतीचं प्रमाण ढळत नाही, फक्त दातांतली मोकळीक वाढते. रोलरची उचल पेलावी म्हणून या पिनियनचे दात नेहमीपेक्षा लांब ठेवतात.

असे दात हल्ली आधी संगणकावर काढतात. विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या चेंबूरला आहे, तिथल्याच एका छोट्या आराखडा-कचेरीत बसून आम्ही हे काम पाहिलं. पडद्यावर कुठलाही दात सुबकच दिसतो, आणि फसायला होतं ते तिथंच. कुणी तीन बिंदूंतून कंसच ओढून मोकळा होतो. सॉफ्टवेअरमधली काही तयार चक्रंही नुसती दाखवण्यापुरती असतात, बरं का.

खरं वळण सूत्रानेच काढावं लागतं. समजा, नेहमीच्या मापाचं चक्र आहे: 20 दात, मोड्यूल 10, दाबकोन 20 अंश. पिच वर्तुळाचा व्यास 200 मिलिमीटर. त्याला 20 अंशांच्या कोसाइनने गुणलं की 187.94 येतात, हा आपला खुंटा. सूत्रात कोन रेडियनमध्ये घालायचा. अंश घातले तर दात भलतीकडेच जातो. दाताचं मूळ 175 व्यासावर, म्हणजे खुंट्याच्याही आत. दावं खुंट्यात शिरत नाही, तसं तिथं इन्व्होल्यूट नसतं. तो भाग कापणाऱ्या हत्याराच्या चालीवरून काढायचा. मुळाशीच दात मोडतात, म्हणून इथं घाई नको.

आणखी एक. जुना पिनियन पाठवून ‘असाच करून द्या’ म्हणण्याची रीत आम्हाला पटत नाही. झिजलेल्या दाताची नक्कल म्हणजे झीज विकत घेणं. दातांची संख्या, रोलरमधलं कमीत कमी व जास्तीत जास्त अंतर आणि मूळ आराखडा द्यावा.

माल आल्यावर तपासही करता येतो. वरच्या उदाहरणात तीन दात एकत्र कवेत घेऊन मापले तर 76.60 मिलिमीटर भरले पाहिजेत. मोकळीक ठेवली असेल तर किंचित कमी. आपल्या पिनियनचा असाच आकडा आराखड्यावर लिहून घ्यावा आणि बिल मंजूर होण्याआधी मिल हाऊसच्या फिटरकडून मापून घ्यावा.