जयपूरहून दीव: गजबजलेल्या बेटाची सहल आखताना

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला बिलगून असलेले छोटे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ४० चौरस किलोमीटर. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये एक अरुंद खाडी आहे आणि तिच्यावर घोघला व तड या दोन ठिकाणी पूल आहेत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याबरोबर दीवही पोर्तुगिजांच्या हातून सुटले. पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत ‘गोवा, दमण आणि दीव’ असा एकच केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते. २६ जानेवारी २०२० पासून दीव हा ‘दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव’ या प्रदेशाचा एक जिल्हा आहे.

जयपूरच्या माणसाला बेटावरचा, माणसांनी फुललेला समुद्रकिनारा पाहायचा असेल तर दीवचे नाव पहिले घ्यावे लागते. नकाशावर खंबातचे आखात जयपूरला अधिक जवळ दिसते; पण त्या आखाताच्या काठावर बहुतेक ठिकाणी गाळ आणि दलदल आहे, आणि भरती-ओहोटीतला फरक भावनगरजवळ दहा मीटरच्या घरात जातो. तिथे पाण्यात उतरण्याची सोय नाही. दीव आखाताच्या तोंडाबाहेर, खुल्या समुद्रावर आहे. तिथे पांढुरकी-सोनेरी वाळू, उथळ पाणी आणि पोहण्याजोगे किनारे मिळतात.

हल्ली सहलींच्या जाहिरातींत कॅरिबियन बेटे सर्रास दिसतात, म्हणून त्यांचाही हिशेब इथेच मांडलेला बरा. बार्बाडोससारख्या काही बेटांवर भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. अडचण वाटेत येते. भारतातून तिकडे थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेतल्या एखाद्या शहरात विमान बदलावे लागते, आणि अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही व्हिसा घ्यावा लागतो. जाऊन-येऊन प्रवासातच तीन-चार दिवस मोडतात. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडच्या चक्रीवादळांचा काळ, म्हणजे दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. दोन आठवड्यांची रजा आणि भक्कम बजेट असेल तर तो बेत जरूर करावा. चार-पाच दिवस हाताशी असणाऱ्या कुटुंबासाठी दीवच योग्य.

बहुतेक लोक सहल आखायला बसतात ते हॉटेलपासून. दीवच्या बाबतीत सुरुवात कॅलेंडरपासून व्हायला हवी, कारण हवा, गर्दी आणि भरती या तिन्ही गोष्टी तारखेवर अवलंबून आहेत आणि तारीख चुकली तर उत्तम खोलीचाही उपयोग होत नाही.

पहिली गोष्ट हवेची. राजस्थानातील शाळांची उन्हाळी सुट्टी मेचा उत्तरार्ध आणि जून यांत येते. अरबी समुद्रासाठी हा काळ वाईट. या समुद्रात चक्रीवादळे वर्षातून दोनदा संभवतात, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ दीव आणि ऊना यांच्या परिसरातच जमिनीवर आदळले होते. जूनपासून समुद्र खवळतो, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि पावसाळ्यात प्रशासन समुद्रस्नानालाही मनाई करते. म्हणून जयपूरमध्ये उकाडा असह्य झाला की समुद्राकडे धावावे, हा स्वाभाविक वाटणारा विचार दीवपुरता तरी सोडून द्यावा. नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात हा खरा हंगाम. दिवसाचे तापमान तिशीच्या आसपास असते, वारा सुखद असतो आणि जयपूरच्या कडक थंडीतून आलेल्या माणसाला स्वेटर फक्त पहाटे-रात्री लागतो.

दुसरी गोष्ट गर्दीची, आणि इथे जयपूरकरांचा अंदाज हमखास चुकतो. दीवची गर्दी राजस्थानच्या नव्हे, गुजरातच्या सुट्ट्यांवर हलते. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत गुजरातमधले व्यापारी दुकाने बंद ठेवतात आणि कुटुंबे घेऊन बाहेर पडतात. त्या दिवसांत दीवमध्ये खोल्यांचे दर चढतात, पुलांवर मोटारींच्या रांगा लागतात आणि नागवा या मुख्य किनाऱ्याच्या वाळूवर पाऊल ठेवायला जागा शोधावी लागते. दुसरी लाट गोकुळाष्टमीची. सौराष्ट्रात सातम-आठमची सुट्टी मोठी असते आणि दीव ओसंडून वाहते. त्या वेळी समुद्र मात्र पावसाळीच असतो. तिसरी गर्दी ३१ डिसेंबरच्या आसपासची. ज्याला गजबजच हवी आहे त्याने यांतली दिवाळीची लाट निवडावी आणि खोली फार आधी पक्की करावी. मुलाबाळांना घेऊन मोकळेपणाने पाण्यात खेळायचे असेल तर लाभपंचमी उलटल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवडे, किंवा संक्रांतीच्या पतंगांनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. तेव्हाही शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा; किनारा तरीही ओस पडलेला नसतो.

तिसरी गोष्ट भरतीची. समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या कुटुंबाला तिची सवय नसते, म्हणून ती जरा नीट समजून घ्यावी. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज आकाशात उशिरा येतो, तशी भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास ही चढ-उतार सर्वांत कमी असते. जयपूरला तिथीचा हिशेब नवा नाही. तिथल्या जंतरमंतरवर आजही आषाढी पौर्णिमेला सम्राट यंत्रावर ध्वज लावून वाऱ्याची दिशा पाहतात आणि पावसाचा अंदाज बांधतात. तीच पंचांगाची सवय इथे कामी येते. लहान मुले बरोबर असतील तर दोन्हींपैकी कोणत्याही अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. खडकांवरचे समुद्री जीव आणि उघडी पडलेली वाळू पाहायची असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोटीला जावे. मुंबईचे लोक तिथीच्या पाऊणपट काढून भरतीची वेळ सांगतात, पण तो आडाखा मुंबईच्या किनाऱ्याचा. प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते, म्हणून दीवमध्ये ती जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला विचारून घ्यावी.

तारीख ठरली की प्रवास. जयपूर ते दीव रस्त्याने साधारण हजार किलोमीटर पडते. एका दमात गाडी हाकणे धोक्याचे आहे. उदयपूर किंवा अहमदाबादला मुक्काम करून दोन टप्पे करावेत. रेल्वेने जायचे तर जयपूरहून अजमेर, मारवाड जंक्शन, आबू रोड, पालनपूर या मार्गाने रात्रीतून अहमदाबादला पोचता येते. तिथून वेरावळची गाडी घ्यावी. वेरावळहून दीव सुमारे ९० किलोमीटर आहे, आणि सोमनाथाचे मंदिर वेरावळला लागूनच असल्याने दर्शनही वाटेवर होते. अहमदाबादहून थेट दीवला रात्रीच्या स्लीपर बसही सुटतात. दीवचा विमानतळ नागव्याच्या किनाऱ्यालगतच आहे, पण तिथली विमाने मोजकी आणि त्यांची वेळापत्रके बदलती, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर बेत बांधू नये. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. निघण्याच्या तारखेतून साठ दिवस वजा करून तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि परतीच्या गाडीचा दिवस वेगळा लिहावा.

मोटारीने जाणाऱ्यांनी एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही, राजस्थानातही नाही. जयपूरला कायदेशीर विकत घेतलेली सीलबंद बाटली रतनपूरच्या सीमेवरून परवान्याशिवाय गुजरातमध्ये नेली की तो गुन्हा होतो. दीवमध्ये घेतलेली बाटली परतताना गाडीत राहिली तरी तेच. बेटाबाहेर पडताना तपासणी होते, आणि नियम ठाऊक नव्हता या सबबीने सुटका होत नाही. सहलीतला आनंद अशा कारणाने नासणे फार वाईट, म्हणून निघण्याआधी डिकी एकदा स्वतः पाहून घ्यावी.

दीवमध्ये किनारे अनेक आहेत, पण त्यांचे स्वभाव वेगळे. सर्वांत गजबजलेला नागवा. घोड्याच्या नालासारखा वळलेला हा किनारा बेटाच्या मधल्या भागात आहे. पॅरासेलिंग, बनाना बोट, जेट स्की, उंट, शहाळी, मक्याची कणसे असे सगळे इथे एकाच ठिकाणी मिळते. नागव्याच्या वाटेवर फांद्या फुटलेले ताड दिसतात. ताडाला सहसा फांदी नसते, त्यामुळे पाहणारा थबकतो. स्थानिक लोक या झाडाला होका म्हणतात.

घोघल्याचा किनारा लांब, सपाट आणि अधिक शिस्तीचा. घोघला दीव जिल्ह्यात असले तरी ते पुलापलीकडे, मुख्य भूमीवर आहे. पाण्याची स्वच्छता, सुरक्षा आणि सोयी पाहून दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना मिळाले, त्यांत घोघला होता. मे २०२५ मध्ये पहिल्या ‘खेलो इंडिया बीच गेम्स’ याच वाळूवर झाल्या. पहिल्यांदाच समुद्र पाहणारे आजी-आजोबा किंवा लहान मुले असतील तर नागव्यापेक्षा घोघलाच बरा. जालंधर आणि चक्रतीर्थ हे शहराजवळचे किनारे सूर्यास्तासाठी चांगले, पण खडकाळ असल्याने पोहण्यासाठी नाहीत.

पाण्यातल्या सावधगिरीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे गरजेचे आहे. तलावात किंवा पोहण्याच्या हौदात पटाईत असलेला माणूसही समुद्रात फसतो, कारण तिथे पाणी एका जागी थांबत नाही. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे ओढले जाते. वरून पाहता हा पट्टा उलट शांत दिसतो, तिथे लाटा कमी फुटतात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. या ओढीत सापडल्यावर सरळ किनाऱ्याकडे पोहायचा प्रयत्न केला की दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे, मग लाटांबरोबर परतावे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो. लाल झेंडा दिसला तर उतरू नये. अंधार पडल्यावर किंवा दारू प्यायल्यावर पाण्यात जाऊ नये. पॅरासेलिंगला बसण्याआधी अंगातले जॅकेट मापाचे आहे का आणि त्याचे पट्टे नीट बसतात का, हे पाहावे. घाई करणाऱ्याला थांबवायला संकोचू नये.

दोन दिवस वाळूवर गेले की एक दिवस शहरासाठी ठेवावा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाशी झालेल्या तहानंतर पोर्तुगिजांनी १५३५ मध्ये दीवचा किल्ला बांधायला घेतला. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला खंदक अशी त्याची रचना आहे. समोर पाण्यात पाणीकोठा नावाचा छोटा जलदुर्ग दिसतो. चक्रतीर्थाजवळ ‘आयएनएस खुकरी’चे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ही नौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टनने जहाज सोडले नाही. सहलीच्या गडबडीतही इथे मुलांना घेऊन जावे आणि ही हकीकत सांगावी. त्याच नावाची नंतरची, सेवेतून निवृत्त झालेली युद्धनौकाही २०२२ मध्ये दीवच्या स्वाधीन करण्यात आली आहे.

जेवणाची चिंता शाकाहारी जयपूरकरांनी करू नये. गुजराती थाळी सगळीकडे मिळते. मासे खाणाऱ्यांनी सकाळी वणाकबाऱ्याच्या बंदरावर जाऊन होड्या परतताना पाहाव्यात. एखादा दिवस उरत असेल तर गीरचे सिंह मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहेत. मात्र सासण गीरची सफारी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते आणि हंगामात तिचे परवाने ऑनलाइन आधीच घ्यावे लागतात, म्हणून सिंह बेतात असतील तर परवाना आधी आणि परतीचे तिकीट नंतर, असा क्रम ठेवावा.