खेळू द्या, मन मोकळे होऊ द्या

"पोरगं शाळेत कुणाचं ऐकत नाही, मारामारी करतं, बाईंची रोज तक्रार." पेण-रोह्याच्या वस्त्यांमध्ये आरोग्यावर बोलायला बसलो की आयांकडून हे ऐकायला मिळतेच. त्यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे चार फटके. फटक्याने मूल तेवढ्यापुरते गप्प होते, मनातले मात्र मनातच राहते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला 'मला भीती वाटते', 'माझा अपमान झाला' असे नीट सांगता येत नाही. घरात दारूवरून भांडण झाले, धाटावच्या कंपनीतून बाप रात्रपाळी करून आला आणि दिवसभर झोपून राहिला, वर्गात कुणी जातीवरून टोमणा मारला, हे सारे आत साठते. मग ते ढकलाढकली, रडारड किंवा घुम्यासारखे बसणे यातून बाहेर पडते. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसण्याचे दुःख बाबासाहेबांनी बालपणी सोसले. शाळेतला अपमान किती खोल लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

खेळातून उपचार

मोठी माणसे बोलून मन हलके करतात, मुले खेळून. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली खेळोपचारावर पुस्तक लिहिले. मूल आहे तसे स्वीकारा, खेळात त्याला पुढे जाऊ द्या, असे त्यांचे सांगणे. पुढे १९६० च्या दशकात बर्नार्ड गर्नी यांनी ही पद्धत आईवडिलांना शिकवली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला माती, शिंपले, बिया, पाने घेऊन मुलांना शिकवले. तो उपचार नव्हता, पण महागडी खेळणी लागत नाहीत हे त्यातून दिसले.

घरी काय करावे?

१. आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त त्या मुलासाठी ठेवा. मोबाइल, टीव्ही बंद.

२. चिंध्यांची बाहुली, जुनी भांडी, खडू, कागद पुढे ठेवा. पेणमध्ये शाडूची माती सहज मिळते. ती तिंबणे, आपटणे यात राग निघून जातो. प्लास्टर मात्र देऊ नका.

३. काय खेळायचे ते मूल ठरवील. शिकवू नका, चुका काढू नका. दिसते तेवढेच बोला : "बाहुलीला खूप राग आलाय वाटतं."

४. मर्यादा थोड्या, पण पक्क्या ठेवा. "राग आला तरी मला मारायचं नाही. मातीच्या गोळ्याला मार."

५. शिक्षा म्हणून हा वेळ रद्द करू नका. मूल काय खेळले ते शेजारीपाजारी सांगू नका.

फरक दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला राग वाढल्यासारखा वाटेल, तरी खेळ सोडू नका.

खेळ पुरेसा नसेल तेव्हा

फळ्यावरचे न दिसणारे, कमी ऐकू येणारे, उपाशीपोटी शाळेत जाणारे मूलही 'मस्तीखोर' ठरते. म्हणून आधी डोळे, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मूल बोलणेच सोडून देत असेल, झोपेत किंचाळत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर १०९८ वर कळवा.

शिक्षकांनाही भेटा. भांडायला नव्हे, मुलाविषयी सांगायला. मात्र शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

'वांड' हा शिक्का बसला की मूल हळूहळू शाळेपासून तुटते. शिका, हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. आपले लेकरू शाळेत टिकावे यासाठी आठवड्याचा अर्धा तास आपण नक्कीच काढू शकतो.