केंब्रिजशायरची ग्रामविद्यालये

केंब्रिज म्हटले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे विद्यापीठाची शिखरे उभी राहतात. परंतु त्याच नगराभोवती पसरलेल्या शेतीप्रधान परगण्यात, पहिल्या महायुद्धानंतर, मजुरांची आणि लहान शेतकऱ्यांची मुले बहुधा चर्चच्या ताब्यातील अंधाऱ्या शाळांत पाचव्या वर्षी येत आणि चौदाव्या वर्षी त्याच खोलीतून कायमची बाहेर पडत. होतकरू मूल वर गेलेच, तर ते शहरातल्या शाळेत जाई आणि बहुधा परत येत नसे. खेड्याचे जे उत्तम, ते अशा रीतीने खेड्यातून निघून जाण्याचीच ही व्यवस्था होती.

1922 साली या परगण्याचा शिक्षणचिटणीस झालेला हेन्री मॉरिस स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून साउथपोर्टच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत लागलेला होता. पुढे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे अध्ययन करूनही ती पहिली ताटातूट त्याच्या मनातून गेली नसावी, असे मला त्याचे 1924 चे प्रसिद्ध टिपण अभ्यासताना वाटत राहिले. त्याची मागणी धीट होती: अनेक खेड्यांना मिळून एक वास्तू असावी, तिच्यात दिवसा अकरा वर्षांवरील मुलांची माध्यमिक शाळा भरावी आणि सायंकाळी त्याच दालनांत, त्याच ग्रंथालयात, त्याच कर्मशाळेत त्या मुलांच्या आईबापांनी यावे, सभा, नाटक, शेतीविषयक वर्ग, बालसंगोपनाचा सल्ला, सारे एका छपराखाली व्हावे. शिक्षण अमुक वयात संपते ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती.

परगणा गरीब, तिजोरी रिकामी. म्हणून मॉरिसने देणग्यांसाठी अमेरिकेपर्यंत हात पसरले, आणि 1930 साली सॉस्टन येथे असे पहिले ग्रामविद्यालय, म्हणजे व्हिलेज कॉलेज, युवराजांच्या हस्ते उघडले. बॉटिशम आणि लिंटन 1937 मध्ये झाली. परंतु या मालिकेचा मुकुटमणी 1939 चे इम्पिंग्टन होय. हिस्टन येथील मुरंबेवाल्या चिव्हर्स घराण्याने दिलेल्या जमिनीवर, नाझी राजवटीखालील जर्मनी सोडून आलेला वाल्टर ग्रोपियस याने मॅक्सवेल फ्राय याच्यासह ही वास्तू रेखाटली. वर्गखोल्या एकमजली, काचेच्या भिंती हिरवळीकडे उघडणाऱ्या. सभागृह पंख्याच्या आकाराचे. आणि प्रौढांसाठी बाकदार स्वतंत्र विभाग, कारण दिवसभर नांगरामागे राबलेल्या माणसाला मुलांच्या बाकावर बसवणे हा त्याचा अपमान आहे, ही जाणीव त्या रचनेत आहे. सुंदर इमारत हीच एक मूक शिक्षिका असते, हा मॉरिसचा आग्रह मला त्याच्या सगळ्या कामगिरीत सर्वांत मोलाचा वाटतो. कारण खेडुतांच्या वाट्याला कामचलाऊ तेच यावे, ही सवय सरकारी कारभारात सर्वत्र मुरलेली असते. इम्पिंग्टनसाठी हेन्री मूरचे शिल्पही योजिले होते. ते काही त्या अंगणात आले नाही, पैशांची तरतूद होऊ शकली नाही, आणि त्या कल्पनेतून घडलेले कुटुंबशिल्प अखेर हर्टफर्डशायरमधील स्टीव्हनेज येथील शाळेपुढे उभे राहिले.

मॉरिस 1954 मध्ये सेवानिवृत्त झाला. तोवर त्याच्या परगण्यात शालानिरीक्षक म्हणून वावरलेला स्ट्युअर्ट मेसन लेस्टरशायरचा शिक्षणाधिकारी झालेला होता, आणि तेथे त्याने दिवसा मुलांसाठी व सायंकाळी साऱ्या वस्तीसाठी खुली अशी विद्यालये उभारण्याचे काम हाती घेतले होते.