खाशाबांसाठी प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं होतं. आज उदगीरच्या कॉलेज खेळाडूला कोणता आधार? जाणून घ्या सविस्तर

उदगीर : अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढची चाल तोच ठरवतो. हा खेळाडू पदवी घेण्याआधीच कोट्यधीश होऊ शकतो. आपल्याकडे मात्र कॉलेजच्या एका पैलवानाला ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी प्राचार्यांना स्वतःचं घर गहाण ठेवावं लागलं होतं. तो पैलवान म्हणजे खाशाबा जाधव. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पहिला क्रीडा दिन २०२४ मध्ये झाला, तेव्हा उदगीरचे आमदार संजय बनसोडे राज्याचे क्रीडामंत्री होते.

खाशाबांची कारकीर्द कशी घडली?

कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये १९२६ साली जन्मलेले खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत घडलेल्या या पैलवानाला तिथे मॅटवर खेळावं लागलं. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

खरी अडचण आली ती १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी. निवड झाली, पण प्रवासाला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी दिली.

हेलसिंकीत काय झालं?

खाशाबा ५७ किलो बँटमवेट गटात फ्रीस्टाइल खेळले. कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवलं. पुढे जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं आणि तिथेही हार झाली. तरी कांस्यपदक हाती आलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक लिएंडर पेसने १९९६ मध्ये आणलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी.

गावी परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पण कर्ज डोक्यावर होतंच. खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

अमेरिकेत काय वेगळं?

तिथेही अनेक दशकं कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे घ्यायला बंदी होती. १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती घेण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट मानधनही देऊ लागली. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रति कॉलेज सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. कारण साधं आहे : तिकिटं आणि टीव्हीच्या हक्कांतून कॉलेजला मोठी कमाई होते. आपल्याकडे कॉलेजचे सामने टीव्हीवर विकले जात नाहीत. त्यामुळे खेळाडूचा भार सरकार आणि घरचे यांच्यावरच पडतो.

उदगीरच्या खेळाडूला काय मिळू शकतं?

- दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात.
- कॉलेजचा खेळाडू नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरू शकतो. तिथली कामगिरी चांगली असेल तर २०२० पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचं दार उघडतं.
- खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाशिवाय महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो.
- राज्य सरकारच्या नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

काय लक्षात ठेवावं?

५ टक्के आरक्षणासाठी नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धा मान्यताप्राप्त नसेल तर मेहनत कागदावर मोजली जात नाही. त्यामुळे मैदानात उतरण्याआधीच स्पर्धेची मान्यता तपासा आणि भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता पडताळणीचा अर्ज करा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. स्वप्निल घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. खाशाबांच्या मागे एक प्राचार्य आणि एक गाव उभं होतं, स्वप्निलच्या मागे एक व्यवस्था होती. हीच व्यवस्था उदगीरच्या तालमीत आणि कॉलेजच्या मैदानावर किती लवकर पोहोचते, यावर पुढच्या पदकाची वाट ठरेल.